समजून घ्या : ‘रुचिरा’ची वाटी ५० वर्षांनंतरही का चालते?

कुणाला ते लग्नात भेट मिळालेले असते, कुणी परदेशी जाताना बॅगेत टाकलेले असते, तर कुणाच्या स्वयंपाकघरात तेलाचे डाग आणि सुटलेली पाने घेऊन ते फळीवर पडलेले असते. ‘रुचिरा’ हे पुस्तक अनेक मराठी घरांत कुठे ना कुठे सापडतेच. एका पदार्थाचे शेकडो व्हिडीओ मोबाइलवर मिळत असताना १९७० सालचे पुस्तक आजही का उघडले जाते? त्याचे बरेचसे उत्तर एका साध्या मापात आहे.

‘रुचिरा’ कोणी लिहिले?

लेखिका कमलाबाई ओगले. जन्म १९१३ सालचा, सांगली जिल्ह्यातील कुंडलचा. शालेय शिक्षण जेमतेम चौथीपर्यंत. ‘रुचिरा’ प्रसिद्ध झाले तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. म्हणजे पुस्तकामागे कित्येक वर्षांचा रोजचा स्वयंपाक होता. पुस्तकाच्या लाखाहून अधिक प्रती खपल्या आणि लाखभर सुनांची सासू असे कमलाबाईंचे कौतुक झाले. त्यांचे निधन १९९९ मध्ये झाले.

तेव्हा अशा पुस्तकाची गरज का पडली?

मराठीत पाककृतींची पुस्तके आधीही होती. ‘सूपशास्त्र’ १८७५ मध्ये छापले गेले, लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र’ १९१० मधले. पण १९७० च्या आसपास दोन गोष्टी बदलत होत्या.

पहिली, घर. मुंबई-पुण्यात नोकरीसाठी आलेली जोडपी चाळीत किंवा दोन खोल्यांत संसार थाटत होती. सासू किंवा आई गावी. शेजारी उभे राहून ‘बघून शिक’ ही पद्धत तिथे चालणार नव्हती. 

दुसरी, माप. शेर, पावशेर, तोळा ही जुनी मापे १९५६ च्या कायद्यानंतर टप्प्याटप्प्याने गेली आणि किलो-ग्रॅम आले. आजी शेरात सांगायची, दुकानदार किलोत द्यायचा आणि घरात तराजू नसायचाच. ‘रुचिरा’ने हा प्रश्न बाजूला ठेवला आणि वाटी व चमचा हे माप धरले. ते प्रत्येक घरात होते.

वाटी लहान-मोठी असते, मग पदार्थ बिघडत नाही का?

सहसा नाही. कारण पदार्थाला नेमके किती ग्रॅम यापेक्षा कशाला किती, हे प्रमाण महत्त्वाचे असते.

उकडीच्या मोदकाचे सारण घ्या. अनेक घरांत चालणारे प्रमाण आहे दोन वाट्या ओले खोबरे आणि एक वाटी चिरलेला गूळ. तुमची वाटी १०० मिलीलिटरची असेल तर २०० आणि १००. शेजारणीची १५० ची असेल तर ३०० आणि १५०. दोन्हीकडे प्रमाण २:१ च. गोडी तीच राहील, शेजारणीचे मोदक फक्त जास्त होतील. अमेरिकेत कुणी वाटीऐवजी तिथला कप वापरला तरी गणित बदलत नाही.

मग गणित कुठे चुकते?

तीन ठिकाणी. 

एक, वाटी बदलली आणि चमचा तोच राहिला तर. १०० मिलीच्या वाटीसाठी लिहिलेले एक चमचा मीठ १५० मिलीच्या वाटीला घातले, तर मीठ एक तृतीयांशाने कमी पडते. म्हणून एक वाटी आणि एक चमचा ठरवून घ्यावा व नेहमी तीच जोडी वापरावी. 

दोन, वाटी भरण्याची पद्धत. बेसन आपटून भरले तर जास्त बसते, चाळून भरले तर कमी. गुळाचेही तसेच, चिरून भरला की दाबून बसवला यावर फरक पडतो. चकलीच्या पिठासारख्या नाजूक पदार्थात हा फरक लगेच दिसतो. वाटी सपाट भरायची की शिगोशीग, हेही ठरलेले हवे. 

तीन, पाणी. उघड्या पातेल्यात एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी लागत असेल, तर चार वाट्यांना आठ लागेलच असे नाही. वाफ होऊन किती पाणी जाते हे तांदळावर नव्हे, तर पातेल्याचे तोंड, आच आणि वेळ यांवर ठरते. तांदूळ चौपट केले म्हणून वाफ चौपट जात नाही. पाणी मात्र चौपट घातले तर भात गिचका होतो. 

ओळखीच्या चवीने बरे का वाटते?

दिवसभराची दगदग झाल्यावर गरम मऊ भात, त्यावर मेतकूट आणि तूप. हे खाऊन शांत वाटते, यामागे शरीराची रचनाही आहे. आपण ज्याला चव म्हणतो त्यात वासाचा वाटा फार मोठा असतो. डोळे, कान, त्वचा यांच्याकडून येणारे संदेश मेंदूतील थॅलॅमस या थांब्यावरून पुढे जातात. वासाचे संदेश मात्र तो थांबा न घेता भावना आणि स्मृतीशी संबंधित भागांपर्यंत पोहोचतात. त्यात फोडणी तर वासासाठीच असते. हिंग, जिरे, मोहरी यांतील वास देणारे घटक तेलात चांगले उतरतात आणि गरम तेलासोबत घरभर पसरतात.

म्हणूनच घराबाहेर राहणाऱ्या मुलाला आमटीची पाककृती मिळते तेव्हा फक्त जेवणाची सोय होत नाही. कुणावर अवलंबून न राहता तो स्वतःसाठी तो वास पुन्हा तयार करू शकतो.

हे सगळ्या महाराष्ट्राचे जेवण आहे का?

नाही. खानदेशातील भरीत, मालवणी कालवण, कोल्हापुरी रस्सा, वऱ्हाडी पाटवड्या या प्रत्येकाची वाट वेगळी, आणि एका गावातही घरागणिक स्वयंपाक बदलतो. कोणत्याही एका पुस्तकात हे मावत नाही. शिवाय लिहिण्या-छापण्याची संधी सगळ्या घरांना सारखी मिळाली नाही. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक २०१५ मध्ये आले. मराठवाड्यातील महार-मांग समाजाचे जेवण आणि त्यामागचे अभावाचे जगणे त्यात नोंदवले गेले. इतकी वर्षे रोज शिजणारे हे अन्न पाककृतींच्या पुस्तकांत जवळपास नव्हतेच.

जे लिहिले जाते ते पुढच्या पिढीपर्यंत जाते. जे फक्त हातात असते ते त्या हाताबरोबर थांबते. 

घरची चव कशी लिहून ठेवायची?

आईला किंवा आजीला विचारले तर उत्तर ठरलेले असते, ‘अंदाजाने घालते गं.’ त्यांना आकडा विचारू नका. पुढील पद्धत वापरा. 

* तिखट, मीठ, पीठ असा प्रत्येक जिन्नस आधी मोजून भांड्यात भरा आणि त्यांच्यासमोर ठेवा. 
* त्यांना नेहमीसारखे हातानेच घेऊ द्या. 
* पदार्थ झाल्यावर भांड्यात उरलेले मोजा. मूळ मापातून ते वजा केले की त्यांचा अंदाज तुमच्या वाटी-चमच्यात मिळेल. 
* हेच दोन-तीन वेळा करा. दरवेळी आकडा थोडा बदलेल, तेव्हा ‘पाऊण ते एक वाटी’ असेच लिहा. 
* वेळेपेक्षा खूण लिहा. ‘सात मिनिटे परता’ यापेक्षा ‘कडेने तेल सुटेपर्यंत’ हे प्रत्येक शेगडीवर लागू पडते. 
* कोणती वाटी वापरली ते लिहा. जमल्यास तिच्यात किती मिलीलिटर पाणी मावते तेही मोजून ठेवा. 

एका पदार्थाला यात दहा मिनिटे जास्त लागतात. सुरुवात रोजच्या आमटीपासून करा. सणाचे पदार्थ कुठे तरी लिहिलेले सापडतात. रोजची आमटी मात्र ‘त्यात काय लिहायचे’ म्हणून राहून जाते, आणि घरापासून लांब गेल्यावर आठवण येते ती तिचीच.