कार्यप्रमुखाची सहानुभूती आणि दूरदृष्टी

एखाद्या कचेरीचा, कारखान्याचा अथवा शाळेचा प्रमुख आपल्या सहकाऱ्यांशी कसा वागतो, यावर त्या संस्थेचे आजचे काम तर अवलंबून असतेच. परंतु तिचे पुढील वीस-पंचवीस वर्षांचे भवितव्यही पुष्कळ अंशी त्याच वागणुकीने ठरते. सहानुभूती म्हणजे केवळ मनाचा हळवेपणा नव्हे, आणि दूरदृष्टी म्हणजे केवळ मोठमोठ्या योजना आखणे नव्हे. दुसऱ्याची अडचण त्याच्या जागी उभे राहून जाणून घेणे आणि ती पुन्हा पुन्हा उद्भवू नये अशी टिकाऊ व्यवस्था लावणे, या एकाच कर्तव्याच्या दोन बाजू होत. नागपूरच्या एका गिरणीच्या इतिहासावरून हे चांगले स्पष्ट होते.

जमशेटजी नसरवानजी टाटा यांनी उभारलेली एम्प्रेस गिरणी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरास सुरू झाली. तिचे व्यवस्थापक बेझनजी दादाभाई मेहता हे रेल्वेच्या नोकरीतून आलेले होते. प्रारंभीच्या काळात गिरणीपुढे कामगारांच्या गैरहजेरीचा बिकट प्रश्न उभा राहिला. भोंग्याबरोबर रोज कामावर रुजू होण्याची सवय त्या भागातील लोकांना नव्हती. अशा वेळी दंड आकारणे हा सर्वांत सोपा मार्ग होता. परंतु दंडाने मजुरी घटते, मजुरी घटली की माणूस दुरावतो, आणि त्याच्या जागी आलेल्या नवख्यास पुन्हा पहिल्यापासून शिकवावे लागते. दंडाची रक्कम पुस्तकात जमा दिसते. गमावलेल्या हाताची किंमत मात्र कोठेच लिहिली जात नाही.

जमशेटजींनी निराळा विचार केला. कामगार का येत नाही, एवढेच विचारून न थांबता, त्याने का यावे व का टिकावे, हा प्रश्न त्यांनी पुढे ठेवला. नियमित येणाऱ्यांस बक्षिसे देण्याची प्रथा पडली. गिरणीतील हवा सुसह्य राहावी म्हणून आणि आगीपासून संरक्षण मिळावे म्हणून यंत्रे बसविण्यात आली. १८८६ साली निवृत्तिवेतन निधी सुरू झाला आणि १८९५ साली अपघातग्रस्तांस भरपाई देण्याची व्यवस्था झाली. कामगारांना अपघाताची भरपाई देण्याचा कायदा हिंदुस्थानात १९२३ साली झाला, हे लक्षात घेतले म्हणजे या दूरदृष्टीची कल्पना येते. म्हातारपणी हाती काही पडेल असा भरवसा ज्याला मिळतो, तो आजच्या कामाकडेही निराळ्या नजरेने पाहू लागतो.

जमशेटजी १९०४ साली निवर्तले. त्यांच्या कल्पनेतील पोलादाचा कारखाना त्यानंतर साकची येथे, म्हणजे पुढील जमशेदपूर येथे, उभा राहिला. तेथील कामगारांच्या वस्तीत रुंद रस्ते, सावलीची झाडे आणि खेळण्यास मोकळी मैदाने असावीत, असे त्यांनी १९०२ सालीच आपल्या मुलास पत्राने कळविले होते. या कारखान्यात १९१२ साली आठ तासांचा दिवस लागू झाला.  १९२० साली तेथे भविष्यनिर्वाह निधी सुरू झाला. त्याविषयीचा देशव्यापी कायदा १९५२ साली झाला. मूळ पुरुष गेला, तरी त्याने लावलेली दिशा राहिली.

तथापि या इतिहासाची दुसरी बाजूही झाकून ठेवणे योग्य नव्हे. त्याच जमशेदपुरात १९२०, १९२२ आणि १९२८ साली मोठे संप झाले. महायुद्धानंतर महागाई भडकली होती व मजुरी अपुरी पडत होती; पुढे कामगारकपातीचाही प्रश्न आला. वरून दिलेल्या सोयी कितीही चांगल्या असल्या, तरी त्या खालून आलेले गाऱ्हाणे ऐकण्याची जागा घेऊ शकत नाहीत. काल एकदा जाणून घेतलेली अडचण आज बदललेली असते. म्हणून प्रमुखाने विचारपूस चालूच ठेवावी लागते.

खेड्यातील प्राथमिक शाळेचा मुख्याध्यापकही असाच एक कार्यप्रमुख होय. त्याच्या हाती निधी नसतो, परंतु हजेरीपट असतो. हजेरीपटावरील गैरहजेरीची खूण हा अपराधाचा पुरावा मानावयाचा की अडचणीची सूचना मानावयाची, हे त्याच्यावर अवलंबून असते. दर सोमवारी उशिरा येणाऱ्या सहशिक्षकाला लेखी ताकीद देता येते. अथवा सोमवारची पहिली एस. टी. केव्हा येते हे विचारून पहिल्या तासाची अदलाबदल करता येते. दिवाळीनंतर ऊसतोडणीस जाणाऱ्या कुटुंबातील मुलाचे नाव कमी करता येते. अथवा कुटुंब निघण्यापूर्वीच पालकांना भेटून, आजीआजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात मुलाची सोय होते काय, हे पाहता येते. पहिला मार्ग एका दिवसात संपतो. दुसऱ्यास वेळ लागतो. पण त्यानेच मूल शाळेत राहते. मात्र मुभा सर्वांस सारखी असावी आणि तिचे कारण सर्वांस ठाऊक असावे. नाहीतर सहानुभूतीची वशिलेबाजी होण्यास वेळ लागत नाही.

आणखी एक गोष्ट विशेष ध्यानी घ्यावयास हवी. शिक्षकांच्या बदल्या होतात. प्रेमळ मुख्याध्यापक गेला की त्याच्याबरोबर त्याचा जिव्हाळाही जातो, असा अनुभव अनेक गावांना येतो. कोणत्या वाडीची मुले ओढ्याला पूर आला की अडकतात, कोणती कुटुंबे कोणत्या महिन्यात गाव सोडतात, कोणाच्या घरी लहान भावंड सांभाळण्यास कोणी नाही, ही माहिती एका माणसाच्या स्मरणात न राहता शाळेच्या वहीत राहिली, तर येणाऱ्या नव्या शिक्षकास पहिल्या दिवसापासून ती हाताशी मिळते. अशी वही प्रत्येक शाळेत ठेवता येईल. वर्षातून दोनदा, पावसाळ्यापूर्वी व दिवाळीपूर्वी, सर्व शिक्षकांनी एकत्र बसून ती वाचावी, नवी भर घालावी, आणि त्या त्या अडचणीवर काय योजावयाचे व ते कोणी करावयाचे, हे त्याच बैठकीत ठरवावे.