दुकानाच्या दारातील निषेध

समलिंगी म्हणून एखाद्यास उपाहारगृहातून परत पाठविले, तर काय करावे? राज्यघटनेचा १५ वा अनुच्छेद लिंगावरून असा प्रवेश नाकारू देत नाही. त्या शब्दात लैंगिक कलही येतो, असे न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी २०१८ च्या निकालपत्रात लिहिले. निःशस्त्र व शांततेने जमण्याचा अधिकार १९ वा अनुच्छेद देतो. हैदराबादेत २०१३ साली पहिली स्वाभिमान यात्रा निघाली, ती याच बळावर.

प्रथम घडलेली हकीकत साक्षीदारांसह लिहून काढावी व मालकास पत्र द्यावे. उत्तर न आल्यास पोलिसांची परवानगी घेऊन फलक धरावेत. वाट अडवू नये. नोकरांस दूषणे देऊ नयेत. अपमानिताचे नाव त्याच्या संमतीवाचून उच्चारू नये, कारण कित्येकांच्या घरी ही गोष्ट ठाऊक नसते. दुकान बंद पाडावयाचे नाही. त्याचे दार सर्वांस उघडावयाचे आहे.