डोळ्याचा कर्करोग बरा झाला, पुढे काय?

"डॉक्टर, हा डोळा सैल झालाय. नवा बसवायचा, एवढंच काम आहे," चाकणच्या एका कारखान्यात कामाला असलेला चौतीस वर्षांचा तरुण मला म्हणाला. दीड वर्षाचा असताना त्याच्या दोन्ही डोळ्यांत कर्करोगाच्या गाठी निघाल्या होत्या. मुंबईला नेऊन एक डोळा काढला, दुसरा किरणोपचाराने वाचवला. मी सहज घरची चौकशी केली. बायकोला सहावा महिना. तिला मात्र 'लहानपणी विटी लागली' एवढेच सांगितलेले!

रेटिनोब्लास्टोमा हा दृष्टिपटलाचा कर्करोग बहुधा पाच वर्षांच्या आतील मुलांना होतो. वेळेवर उपचार झाल्यास बहुतेक मुले वाचतात. परंतु सुमारे ४० टक्के रुग्णांत आरबी-१ या जनुकातील दोष शरीरभर असतो. दोन्ही डोळ्यांना आजार झालेल्यांत तो असतोच असे धरून चालावे. एकाच डोळ्याच्या काही रुग्णांतही तो आढळतो. अशांच्या प्रत्येक अपत्याला हा दोष मिळण्याची शक्यता निम्मी असते. म्हणून बाळाच्या बुबुळात मांजरीच्या डोळ्यासारखी पांढरी चमक दिसेपर्यंत थांबू नये. जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांतच औषध घालून, बाहुली मोठी करून डोळे तपासावेत. दोष आहे की नाही, हे रक्ताच्या तपासणीतूनही कळू शकते.

स्वतःचीही काळजी हवी. जनुकदोष असलेल्यांना पुढे हाडांचा, स्नायूंसारख्या मऊ भागांचा किंवा त्वचेचा कर्करोग होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो. किरणोपचार झालेल्या जागी तो आणखी वाढतो. न थांबणारे हाडाचे दुखणे, वाढती गाठ किंवा बदलणारा तीळ 'कामाचा शीण' म्हणून अंगावर काढू नका. तंबाखू, विडी-सिगारेट वर्ज्य. किरणोपचार झालेल्या डोळ्यात मोतीबिंदू आणि कोरडेपणा येऊ शकतो, म्हणून दरवर्षी तपासणी करावी.

भोसरी-चाकणच्या कामगारांना आणखी एक सांगणे. ग्राइंडिंगची एक ठिणगी उरलेला डोळा घालवू शकते. सेफ्टी गॉगल खिशात नव्हे, डोळ्यांवर हवा.

बालपणी कर्करोगातून बरे झालेल्यांसाठी मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९९१ पासून स्वतंत्र पाठपुरावा क्लिनिक आहे. जुनी फाईल सापडली तर जपून ठेवा. नसेल तर जिथे उपचार झाले तिथे चौकशी करा.

पुढच्या खेपेला तो तरुण बायकोला घेऊन आला. ती गप्प बसून ऐकत होती. शेवटी तिने एकच विचारले, "बाळाला कोणत्या दिवशी आणू?"

वाचकहो, या आजारात लाजण्यासारखे काहीच नाही. मात्र तो लपवला, तर त्याची किंमत बाळाच्या डोळ्याने मोजावी लागू शकते.