चोथा हीच गाळणी

कुरडयांसाठी गव्हाचा चीक गाळला की चोथा बाजूला पडतो. त्याच्या भुसवड्या होतात, नाहीतर तो गुरांपुढे जातो. गाळणी वेगळी आणि चोथा वेगळा, ही आपल्या हातांची सवय. घरी थेट माल्टपासून, म्हणजे ‘ऑल-ग्रेन’ पद्धतीने बिअर बनवायला बसलेला माणूस पहिली चूक या सवयीपोटीच करतो. या कामात चोथा हीच गाळणी असते. भांड्याच्या तळाची जाळी दाण्यांचा थर नुसता पेलून धरते. रस गाळला जातो तो दाण्यांच्या टरफलांतून.

आधी कृती थोडक्यात सांगतो. मोड आणून वाळवलेलं जव, म्हणजे माल्ट, भरडून ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवायचं. याला मॅश म्हणतात. तेवढ्या वेळात दाण्यातली विकरं पिष्टाची साखर करतात. मग खालचा नळ उघडून गोड रस, म्हणजे वर्ट, काढायचा आणि वरून गरम पाणी सोडून थरात राहिलेली साखर धुऊन घ्यायची. हे धुणं म्हणजे स्पार्ज. धार दोऱ्याएवढी बारीक होत होत थांबली की स्पार्ज तुंबला असं समजायचं. १९ लिटरच्या एका घाण्याला साडेचार-पाच किलो माल्ट लागतं, म्हणून तुंबलं की अख्खी दुपार त्यात जाते.

गैरसमज : घरच्यापुरती बिअर कुठेही बनवली तरी चालते.

चालत नाही. ब्रिटनने घरगुती बिअरवरची परवान्याची अट १९६३ मध्ये काढली. अमेरिकेत १९७८ मध्ये कायदा झाला आणि १९७९ पासून एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन, तर दोन किंवा अधिक प्रौढांच्या घराला २०० गॅलन बिअर बनवण्याची मुभा मिळाली. तरीही अलाबामा आणि मिसिसिपी या राज्यांनी ती द्यायला २०१३ साल उजाडलं. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य बनवणं गुन्हा आहे. त्यामुळे पुढचं सगळं, जिथे कायदा हे करू देतो तिथे राहणाऱ्या मराठी माणसांसाठी.

गैरसमज : जितकं बारीक दळू, तितका साखरेचा उतारा जास्त.

हे अर्धं खरं आहे, म्हणून जास्त फसवतं. दाण्याचा गर बारीक झाला की पाणी आणि विकरं त्याच्यापर्यंत लवकर पोचतात आणि उतारा वाढतो. पण त्याच फटक्यात टरफलाचाही चुरा झाला, तर गाळणी गेली. आपल्याकडे भरडणं आणि दळणं ही दोन वेगळी कामं आहेत. डाळ भरडतात, पीठ दळतात. माल्ट भरडायचं असतं. टरफल लांबट आणि शक्यतो अखंड राहावं, आतला गर चार-सहा तुकड्यांत फुटावा, अख्खा दाणा एकही दिसू नये आणि पीठ थोडंच पडावं. मूठभर भरड पांढऱ्या कागदावर पसरून पाहिली की या चारही गोष्टी डोळ्यांना दिसतात.

घरगुती चक्कीत दोन खाचेदार रूळ असतात आणि त्यांच्यातली फट कमीजास्त करता येते. कारखान्यातून ती बहुधा ०.०३९ इंचावर, म्हणजे साधारण १ मिलिमीटरवर लावून येते. बँकेचं कार्ड ०.७६ मिलिमीटर जाड असतं. ते फटीत सरकवून अनेकजण अंदाज घेतात. पण दुसऱ्याच्या चक्कीचा आकडा आपल्या माल्टला लागू पडेलच असं नाही. दाणा कधी टपोरा असतो, कधी बारीक. गहू जवापेक्षा लहान आणि कडक, त्याला फट कमी लागते. चक्कीला ड्रिल जोडून ती भरधाव फिरवली, तर फट बरोबर असूनही टरफलं फाटतात. मिनिटाला दीडशे-दोनशे फेरे पुरेसे आहेत. जुने हौशी लोक कोलंबियात बनणारी कोरोना नावाची हातचक्की वापरत. ती मुळात मक्यासाठी केलेली आणि रुळांऐवजी दोन चकत्यांमध्ये दाणा रगडणारी, आपल्या जात्याच्या जातकुळीतली. तिच्यावरही चांगली भरड निघते, फक्त चकत्यांचं अंतर धीराने जुळवावं लागतं.

मला सगळ्यात उपयोगी वाटलेली युक्ती आपल्या घरांतलीच आहे. रव्यासाठी किंवा शेवयांसाठी गहू ओलवून मग दळतात, म्हणजे साल चिवट होते आणि पापुद्र्यासारखी सुटते. माल्टलाही असंच ओलवता येतं. वजनाच्या २ टक्के, म्हणजे ५ किलोला १०० मिलिलिटर पाणी शिंपडायचं, हाताने सारखं करायचं आणि दहा-पंधरा मिनिटं थांबायचं. टरफल हाताला मऊ लागतं, पण आतला गर कोरडाच राहतो. मग फट थोडी कमी केली तरी टरफल टिकतं. पाणी याहून जास्त झालं तर रुळांना लगदा चिकटतो.

उताऱ्याचं गणितही एकदा मांडून बघावं. भरड थोडी जाड ठेवल्यामुळे उतारा ७५ टक्क्यांवरून ७० वर आला, तर ५ किलोच्या जागी सुमारे ५.३६ किलो माल्ट लागेल. साडेतीनशे ग्रॅम जादा माल्ट देऊन दुपार वाचत असेल तर मी ते आनंदाने देतो.

आणि पीठ हा काही सगळीकडेच शत्रू नाही. काही मोठ्या ब्रुअरी हातोडा-चक्कीत माल्टचं पीठच करतात, कारण त्यांच्याकडे कापडी पडद्यांचा दाबयंत्रासारखा मॅश फिल्टर असतो आणि गाळायला टरफल लागतच नाही. मॅश कापडी पिशवीत करून पिशवीच वर उचलणाऱ्यांनाही बारीक दळलेलं चालतं. तिथे गाळणी कापडाची असते. म्हणून भरड किती जाड, हे ठरवण्याआधी आपली गाळणी कोणती, हे ठरवावं.

गैरसमज : तुंबलं म्हणजे चक्कीच चुकली.

दर वेळी नाही. मी पहिल्यांदा निम्मा गहू घालून बिअर केली तेव्हा भरड अगदी देखणी होती, आणि तरीही पाच-सहा लिटरनंतर धार थांबली. गव्हाला टरफल नसतं, हे मला वाचून माहीत होतं. त्याचा अर्थ भांड्यापाशी उभा राहिल्यावर कळला. निम्मा गहू म्हणजे गाळणी निम्मी.

दुसरं कारण चिकटपणा. ओट्समध्ये, आणि पुरते मोड न आलेल्या जवात, बीटा-ग्लुकन नावाचा डिंकासारखा पदार्थ असतो. राय या धान्यात त्याच्या जोडीला अरॅबिनोझायलन भरपूर असतं. हे पदार्थ पाण्यात उतरले की रस खळीसारखा होतो. बीटा-ग्लुकन तोडणारं विकर माल्टमध्ये असतं, पण ते साधारण ४५ अंशांच्या आसपास काम करतं आणि ६० च्या पुढे लवकर निकामी होतं. ओट्स किंवा राय जास्त असेल तर मॅश आधी १५-२० मिनिटं ४५ अंशांवर ठेवण्यामागे हेच कारण आहे.

तिसरं कारण थंडी. साखरेचा पाक निवला की दाटतो, तसंच वर्टचंही होतं. थंड गॅरेजमध्ये भांडं उघडं राहिलं आणि थर ५५ अंशांवर आला, तर चांगली भरडही अडते. स्पार्जआधी मॅश ७५-७६ अंशांवर नेला की रस पातळ होतो.

गैरसमज : धार मंदावली की नळ पूर्ण उघडावा, नाहीतर पंपाने ओढावं.

यानेच बहुतेक घाणे बिघडतात. हेन्री डार्सी या फ्रेंच अभियंत्याने १८५६ साली, दिजों शहराच्या पाणीपुरवठ्यावर लिहिताना, वाळूच्या थरातून पाणी कसं झिरपतं याचा नियम मांडला. दाब वाढवा, प्रवाह वाढतो. थर जाड करा, तो घटतो. वाळूपुरतं ते बरोबर आहे, कारण वाळू दबत नाही. टरफलांचा थर दबतो. खालून जोराने ओढलं की मऊ टरफलं जाळीवर चपटी बसतात, त्यांच्यामधल्या वाटा मिटतात, आणि ओढ वाढवावी तसा थर आणखी घट्ट होतो. म्हणून नळ सुरुवातीपासूनच अर्धामुर्धा उघडावा. २५ लिटर रस तासाभरात काढायचा तर मिनिटाला ४०० मिलिलिटरच्या आसपास धार हवी. एका ग्लासात मावेल, साधारण तेवढी.

घाई असलेल्यांसाठी वेगळी वाट आहे. ओरेगनच्या डेनी कॉन यांनी लोकप्रिय केलेल्या बॅच स्पार्जमध्ये रस पूर्ण काढून घेतात, मग गरम पाणी एकदम ओतून ढवळतात आणि पुन्हा काढतात. थर ढवळलाच जाणार असल्याने तो सारखा धुतला जातो की नाही याची चिंता राहत नाही. पेयं थंड ठेवायच्या बर्फपेटीत, लवचीक नळीवरचं स्टीलच्या तारांचं विणकाम गाळणीची जाळी म्हणून बसवलं की हे भागतं.

टरफलं कमी पडली की मॅशमध्ये भाताचं तूस घालतात, त्याबद्दलही उगाच धास्ती आहे. तुसाने बिअरला तांदळाची चव येते म्हणतात, ती येत नाही. तुसात आंबण्याजोगी साखरच नसते. धान्याच्या वजनाच्या ५ टक्के तूस धुऊन मिसळलं की टरफलांची उणीव भरून निघते. मात्र तुसाशिवाय गव्हाची बिअर होतच नाही, हेही खरं नाही. बव्हेरियातल्या वाइसबिअरमध्ये किमान निम्मं माल्ट गव्हाचं असावं लागतं, आणि ती शतकानुशतकं तुसाविना बनत आली आहे. तिथे उथळ थर, रुंद भांडी आणि संथ धार यांवर काम चालतं.

गैरसमज : पाणी फार गरम झालं की टरफलांचा तुरटपणा रसात उतरतो.

तापमानाचा हात आहे, पण मुख्य दोष आम्लतेचा. बोहेमिया-बव्हेरियाकडे डिकॉक्शन पद्धतीत मॅशचा काही भाग टरफलांसकट चक्क उकळतात आणि बिअर तुरट होत नाही, कारण दाट मॅशचा पीएच ५.५ च्या आसपास असतो. स्पार्जच्या शेवटी साखर संपत येते, नुसतं पाणी धावतं आणि पीएच ६ कडे सरकतो, तेव्हा टरफलांतली तुरट द्रव्यं, म्हणजे टॅनिन, सुटतात. रसाची घनता १.०१० च्या खाली गेली की थांबावं. पाणी ७७ अंशांच्या आत ठेवणं ही त्याच्या जोडीची खबरदारी.

एवढं सांभाळूनही तुंबलंच, तर नळ बंद करा. थराच्या वर करडा, चिकट लगदा जमलेला असेल तर सुरीने त्यात उभ्या रेघा ओढा, तळाच्या जाळीच्या थोडं वर थांबून. तेवढ्याने भागलं नाही, तर दोन-तीन लिटर ७५ अंशांचं पाणी शक्य असेल तर खालच्या नळातूनच आत सोडा, म्हणजे थर जाळीवरून उचलला जातो. मग सगळं सावकाश ढवळा आणि दहा मिनिटं बसू द्या. नळ उघडल्यावर पहिले दोन-तीन लिटर गढूळ येतील. ते थर न उसकटता, पळीवरून हलकेच, परत वर ओतायचे. थर पुन्हा बसला की धार नितळ होते.