स्मार्ट घड्याळ : आजचा उपयोग व उद्याची आशा

घड्याळाचे काम केवळ वेळ दाखविण्याचे, ही समजूत आता अपुरी ठरली आहे. स्मार्ट घड्याळ हे मनगटावरील एक लहानसे मापनयंत्रच होय. विद्यार्थी त्याविषयी प्रश्न विचारतात. यास्तव त्याचे कार्य कसे चालते व त्यावर कोठवर विसंबावे, हे शिक्षकांस ठाऊक असणे अगत्याचे आहे.

या घड्याळाच्या मागील बाजूने त्वचेवर हिरवा प्रकाश पडतो. रक्त हा प्रकाश शोषून घेते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याबरोबर मनगटातील रक्त वाढते व परत येणारा प्रकाश घटतो. ह्या चढउतारांवरून नाडीचा वेग काढला जातो. पट्टा सैल असल्यास अथवा हात सारखा हलत असल्यास मोजणी चुकते.

सन २०१८ मध्ये अ‍ॅपल कंपनीच्या घड्याळात हृदयाचा विद्युत-आलेख काढण्याची सोय झाली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका संशोधनात चार लाखांहून अधिक लोकांनी भाग घेतला होता. नाडी अनियमित असल्याची सूचना शेकडा एकाहूनही कमी लोकांना मिळाली. त्यांपैकी ज्यांची पुढे छातीवर पट्टी लावून तपासणी झाली, त्यांतील सुमारे ३४ टक्के लोकांत हृदयगतीचा विकार आढळला. हा विकार मधूनमधून उद्भवतो. म्हणून उरलेल्यांची सूचना खोटीच होती असे म्हणता येत नाही. तथापि सूचना म्हणजे निदान नव्हे. उलटपक्षी, घड्याळ स्वस्थ आहे म्हणून प्रकृतीही स्वस्थ आहे असे नाही. हृदयविकाराचा झटका त्यास ओळखता येत नाही. छातीत कळ आल्यास घड्याळ न पाहता दवाखाना गाठावा.

पुढील काळाविषयी आशा पुष्कळ आहे. झोपेत श्वास अडखळण्याच्या विकाराची सूचना देणाऱ्या घड्याळांस अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२४ मध्ये मान्यता दिली. मात्र सुई न टोचता रक्तातील साखर सांगणाऱ्या एकाही घड्याळास मान्यता नाही, असा इशाराही त्याच प्रशासनाने त्याच वर्षी दिला. अशा आकड्यावर विसंबून मधुमेही रोग्याने औषधाची मात्रा बदलल्यास जिवावर बेतू शकते.

शाळेत हा पाठ विनाखर्च देता येईल. मुलांनी अंगठ्याच्या बाजूस मनगटावर दोन बोटे ठेवून साध्या घड्याळावर अर्धा मिनिट नाडी मोजावी व येणारी संख्या दुप्पट करावी. धावून आल्यावर पुन्हा मोजावी. कोणाजवळ स्मार्ट घड्याळ असल्यास त्याचा आकडा ताडून पाहावा. दोहोंत फरक आल्यास त्याचे कारण मुलांनीच शोधावे. यंत्राचा आकडा पारखून घेण्याची सवय बालवयात लागली, तर पुढे येणाऱ्या प्रत्येक नव्या यंत्रासंबंधी ती उपयोगी पडेल.