प्राथमिक स्तरावरील विद्यार्थ्यांमध्ये कथारचनेच्या आकलनाचा विकास

बीजसंज्ञा : कथारचना, कथास्मरण, कार्यकारणसंबंध, कथानकाशा, पुनर्कथन

प्रस्तावना :
गोष्ट ही प्राथमिक शाळेतील भाषाशिक्षणाची सर्वांत जुनी सामग्री होय. शाळेत येण्यापूर्वीच मूल आजीच्या तोंडून, अंगणात वा अंथरुणावर, अनेक गोष्टी ऐकून आलेले असते. शाळेत मात्र गोष्ट संपताच ठरावीक प्रश्न विचारले जातात. गोष्टीत कोण कोण होते, कोण कोणास म्हणाले आणि गोष्टीचे तात्पर्य काय, हे ते प्रश्न होत. त्यांची उत्तरे पाठांतराच्या बळावरही देता येतात. गोष्टीतील एक घटना दुसरीला कशी जन्म देते, हे विद्यार्थ्याला उमगले की नाही, याचा पत्ता त्यांतून लागत नाही.

२००५ पासून होत असलेल्या 'असर' सर्वेक्षणाच्या वाचनचाचणीत अक्षर, शब्द, परिच्छेद आणि गोष्ट अशा चढत्या पायऱ्या आहेत. शेवटच्या पायरीला 'गोष्ट' म्हटले असले, तरी चाचणीचा मुख्य भर प्रवाही वाचनावर आहे. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाने २०२६-२७ पर्यंत तिसरीच्या अखेरीस प्रत्येक मुलाने पायाभूत साक्षरता मिळवावी, असे उद्दिष्ट ठेवले आणि त्यात समजपूर्वक वाचनाचा समावेश केला. गोष्ट अडखळत न वाचणे आणि गोष्ट समजणे या भिन्न गोष्टी आहेत. हे अंतर कसे भरून काढता येईल, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

कथारचना : संकल्पना
ॲरिस्टॉटलने आपल्या काव्यशास्त्रात कथानकाला आदि, मध्य आणि अंत असावेत, असे सांगितले. हे तीन भाग परस्परांतून निष्पन्न व्हावेत, ही त्याची अपेक्षा अधिक महत्त्वाची आहे. ई. एम. फॉर्स्टर यांनी १९२७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कादंबरीविषयक व्याख्यानांत हाच भेद स्पष्ट केला. एकामागून एक घडलेल्या घटनांचे निवेदन वेगळे आणि कारणांनी बांधलेले कथानक वेगळे. मराठी मुलांच्या बोलण्यातील दोन शब्दांत हा भेद पकडता येतो. 'आणि मग' हा शब्द घटनांची केवळ रांग लावतो, तर 'म्हणून' आणि 'पण' हे शब्द त्यांना बांधतात. कथारचनेचे शिक्षण म्हणजे मुलाला 'आणि मग'पासून 'म्हणून'पर्यंत नेणे होय.

मानसशास्त्रीय आधार :
ऐकलेली गोष्ट आठवताना माणूस ती स्वतःच्या परिचित साच्यात बसवून नव्याने रचतो, असे फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ मध्ये दाखवून दिले. पुढे नॅन्सी स्टाइन आणि क्रिस्टीन ग्लेन यांनी १९७९ मध्ये साध्या गोष्टीच्या प्रसंगाचे घटक निश्चित केले. पार्श्वभूमी, आरंभक घटना, पात्राचा आंतरिक प्रतिसाद, प्रयत्न, परिणाम आणि परिणामावरील प्रतिक्रिया असे ते घटक आहेत. पार्श्वभूमी, आरंभक घटना व परिणाम हे भाग मुलांच्या चांगले लक्षात राहतात. पात्राला काय वाटले, त्याने काय ठरवले, हे सर्वांत कमी आठवते, असे त्यांच्या अभ्यासातून दिसून आले. जीन मँडलर आणि नॅन्सी जॉन्सन यांनाही १९७७ मध्ये पहिलीच्या मुलांत असेच चित्र आढळले होते.

या निष्कर्षाचा शैक्षणिक अर्थ स्पष्ट आहे. काय झाले हे मूल बहुधा सांगू शकते; का झाले हे सांगताना ते अडखळते. पात्राचा हेतू हा आरंभक घटना आणि प्रयत्न यांना जोडणारा दुवा आहे आणि नेमका तोच निसटतो. तात्पर्यावर थेट उडी घेणाऱ्या अध्यापनात या दुव्याकडे दुर्लक्ष होते. परिणामी, मूल तात्पर्य म्हणून दाखवते; पण ते गोष्टीतून कसे निघाले, हे त्याला सांगता येत नाही.

एका परिचित कथेचे विश्लेषण :
भोपळ्यात बसून परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट महाराष्ट्रात सर्वत्र परिचित आहे. म्हातारी आणि लेकीच्या गावाकडे जाणारी जंगलातील वाट ही तिची पार्श्वभूमी. वाघ आडवा येतो, ही आरंभक घटना. म्हातारीला भीती वाटते, पण ती युक्ती योजते. हा आंतरिक प्रतिसाद. लेकीकडून धष्टपुष्ट होऊन येईन, मग खा, असे वचन देणे हा प्रयत्न आणि सुटका हा परिणाम होय.

गोष्ट येथे संपत नाही, याचे कारण तिच्या रचनेतच आहे. पहिली अडचण ज्या वचनाने सुटली, त्याच वचनाने दुसरी अडचण निर्माण केली. परतीच्या वाटेवर वाघ वाट पाहत असणारच, म्हणून भोपळा आवश्यक ठरतो. 'म्हातारी भोपळ्यात का बसली?' या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मुलाला गोष्टीच्या पूर्वार्धात परत जावे लागते. असा एक प्रश्न दहा नामनिर्देशक प्रश्नांहून अधिक उपयुक्त आहे.

चिमणी-कावळ्याच्या गोष्टीतून दुसरा मुद्दा शिकवता येतो. पावसात कावळ्याचे शेणाचे घर वाहून जाते आणि तो चिमणीच्या मेणाच्या घराचे दार ठोठावतो. येथे अडचण कोणाची, असे विचारल्यास बहुतेक मुले कावळ्याची असे म्हणतील. चिमणी दार लवकर का उघडत नाही, असे विचारताच तिचीही एक बाजू असल्याचे ध्यानात येते. एकाच घटनाक्रमात दोन पात्रांचे दोन हेतू असू शकतात, ही जाणीव येथून सुरू होते.

अध्यापनाच्या पायऱ्या :
१) श्रवण : पहिलीच्या वर्गात गोष्ट प्रथम अखंड ऐकवावी. मध्येच प्रश्न विचारून रसभंग करू नये. गिजुभाई बधेका यांच्या 'दिवास्वप्न'मधील शिक्षक वर्गाला आपलेसे करतो, ते गोष्टीच्याच द्वारे. आनंद हा विश्लेषणाचा पाया आहे.

२) चित्रक्रम : गोष्टीतील चार-पाच प्रसंगांची चित्रे उलटसुलट देऊन मुलांकडून क्रम लावून घ्यावा. क्रम लावल्यावर 'हे आधी का?' असे अवश्य विचारावे. अन्यथा हा केवळ स्मरणाचा खेळ उरतो.

३) कथानकाशा : दुसरीत फळ्यावर कोण, कुठे, अडचण काय, काय वाटले, काय केले, शेवटी काय झाले, असे सहा चौकोन काढून ते तोंडी उत्तरांनी भरावेत. 'काय वाटले' या चौकोनावर विशेष वेळ द्यावा.

४) पुनर्कथन व नाट्यीकरण : मुलांनी गोष्ट स्वतःच्या शब्दांत, घरच्या बोलीत सांगावी. शिक्षकाने 'म्हणून', 'पण', 'तरीही' हे शब्द सहज पेरून वाक्ये जोडून दाखवावीत.

५) घटकबदल : तिसरीत एक घटक बदलावा. वाटेत भोपळा फुटला असता तर? एक भाग बदलल्यावर पुढचे किती भाग बदलावे लागतात, हे अनुभवल्यावर रचनेचे बंधन मुलांना आपोआप कळते.

६) नवनिर्मिती : चौथीत मुलांनी प्रथम अडचण निवडावी आणि नंतर गोष्ट रचावी. 'एक राजा होता'ने सुरू होऊन मध्येच विरणाऱ्या लेखनावर हा उपाय उपयुक्त आहे.

मर्यादा व दक्षता :
प्रत्येक गोष्ट अडचण आणि उकल या साच्यात बसत नाही. साखळीकथांत पुनरावृत्ती हाच रचनेचा कणा असतो. 'आटपाट नगर' ते 'सुफळ संपूर्ण' या चौकटीतील व्रतकथांचा घाट वेगळा, पंचतंत्रातील कथेत कथा गुंफण्याची रीतही वेगळी. सहा चौकोन हे साधन आहे, मोजपट्टी नव्हे.

याहून गंभीर प्रश्न मुलांच्या सांस्कृतिक पार्श्वभूमीचा आहे. शर्ली ब्राइस हीथ यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या, अमेरिकेतील काही समाजांच्या अभ्यासात, गोष्ट कशाला म्हणावे याविषयीच्या कल्पना समाजागणिक भिन्न असल्याचे आढळले. शाळा मात्र त्यांपैकी एकच कल्पना प्रमाण मानते. महाराष्ट्रात वारली, कोरकू, गोंडी, भिली बोलणारी मुले आपापली समृद्ध कथनपरंपरा घेऊन वर्गात येतात. त्यांचे कथन शाळेच्या साच्याशी जुळले नाही, तर त्यांना 'गोष्ट सांगता येत नाही' असा शेरा मिळण्याचा धोका असतो. वास्तविक त्यांना एक रचना येत असते आणि दुसरी शिकायची असते. शिक्षकाने प्रथम त्यांच्या गोष्टी ऐकाव्यात, त्यांची रचना वर्गासमोर मांडावी आणि मग पाठ्यपुस्तकातील गोष्टीशी तुलना करावी.

समारोप :
कथारचनेचे आकलन हे साहित्याच्या आस्वादापुरते मर्यादित नाही. इतिहासातील घटनांची कारणे, विज्ञानातील प्रयोगाचा क्रम, गणितातील शाब्दिक उदाहरणे या सर्वांत कार्यकारणाचा धागा पकडावा लागतो. महाविद्यालयीन वर्गातही विद्यार्थी कादंबरीचा आशय सांगतात. मात्र कथानकाची बांधणी विचारल्यास गप्प होतात. या मौनाची मुळे काही अंशी प्राथमिक वर्गातील प्रश्नांत आहेत. म्हणून अध्यापक महाविद्यालयांनी कथाकथनाच्या प्रात्यक्षिकात आवाज आणि हावभाव यांबरोबरच प्रश्नरचनेचाही विचार करावा. तात्पर्य विचारण्याआधी 'असे का झाले?' हा प्रश्न विचारण्याची सवय भावी शिक्षकाला लागली, तर गोष्ट वाचणारे मूल गोष्ट समजणारे मूलही होऊ शकेल.