सुरमई : पट्ट्यांची आणि ठिपक्यांची

खाणावळीच्या ताटात सुरमई येते ती तुकडीच्या रूपाने. मासळीबाजारातही कोळीण गिऱ्हाइकाच्या मागणीप्रमाणे तिच्या आडव्या, गोल तुकड्या पाडून देते. मासा मुळात केवढा होता, कोणत्या जातीचा होता आणि आयुष्यात एकदा तरी त्याने अंडी घातली होती काय, हे तुकडीकडे पाहून सांगता येत नाही. पापलेट किंवा बांगडा घरी अखंड येतो व त्याचा लहानमोठेपणा सहज लक्षात येतो. सुरमईच्या बाबतीत तशी सोय नाही. सुरमईची पिल्ले बाजारात विनातक्रार खपतात, याचे एक कारण हेही असावे. म्हणून या माशाची ओळख तुकडीपासून न करता अखंड माशापासून करून घेणे इष्ट ठरेल.

सुरमई ही बांगडा आणि कुपा यांच्याच कुळातील होय. गोव्यात तिला इसवण किंवा विसवण म्हणतात, कर्नाटकात अंजल, तामिळनाडूत वंजरम, तर केरळात नेय्मीन, म्हणजे तुपासारखा मासा. इंग्रजीतील ‘सीर फिश’ हे नाव पोर्तुगीज भाषेतील ‘सेर्रा’ या करवतवाचक शब्दावरून आलेले आहे. माशाचे दात पाहिले म्हणजे हे नाव कसे पडले असेल याची कल्पना येते. दोन्ही जबड्यांत चपटे, त्रिकोणी आणि धारदार दात एकाशेजारी एक बसविलेले असतात. जाळ्यातून काढताना जिवंत सुरमईच्या तोंडाजवळ बोट नेण्याचे धाडस अनुभवी खलाशी करीत नाही.

एक नाव, अनेक जाती

आपण ज्याला सरसकट सुरमई म्हणतो त्यात वस्तुतः एकाहून अधिक जाती आहेत. त्यांपैकी दोन विशेष महत्त्वाच्या.

पहिली पट्ट्यांची सुरमई. फ्रेंच शास्त्रज्ञ लॅसेपेड याने १८०० मध्ये तिचे वर्णन केले व तिला स्कोंबेरोमोरस कॉमर्सन हे नाव मिळाले. तिच्या रुपेरी अंगावर वरून खाली जाणारे करड्या रंगाचे बारीक, किंचित नागमोडी पट्टे असतात. पूर्ण वाढलेल्या माशात ते चाळीस ते पन्नास भरतात. ही सुरमई फार मोठी होते. दोन मीटरहून अधिक लांबीच्या आणि सत्तर किलोग्रॅमपर्यंत वजनाच्या सुरमईची नोंद आहे. अर्थात, बाजारात एवढे धूड क्वचितच येते.

दुसरी ठिपक्यांची सुरमई, स्कोंबेरोमोरस गटॅटस. तिच्या बाजूंवर गोल, काळपट ठिपक्यांच्या साधारणपणे तीन वेड्यावाकड्या रांगा असतात. लांबीत ती पाऊण मीटरच्या पुढे सहसा जात नाही. किनाऱ्यालगतचे उथळ व गढूळ पाणी तिला मानवते आणि खाड्यांच्या मुखांतही ती शिरते. याशिवाय अंगावर आडव्या तुटक रेघा असलेली तिसरी जातही भारतीय समुद्रात मिळते. तिचा विचार येथे करण्याचे कारण नाही.

पट्टे आणि ठिपके यांवरून ओळख पटविणे सोपे वाटते. परंतु येथे एक अडचण आहे. पट्ट्यांच्या सुरमईच्या लहान पिल्लांत पट्टे विसाहूनही कमी असतात आणि पोटाकडे ते तुटून ठिपक्यांसारखे दिसतात. घाईच्या लिलावात अशी पिल्ले ठिपक्यांची सुरमई म्हणून सहज खपून जातात. अशा वेळी माशाच्या अंगाच्या बाजूने कल्ल्यापासून शेपटीपर्यंत जाणारी बारीक रेघ पाहावी. शास्त्रात तिला पार्श्विक रेखा म्हणतात. पट्ट्यांच्या सुरमईत ही रेघ पाठीवरील दुसऱ्या पराच्या शेवटाखाली एकदम खाली वळते. ठिपक्यांच्या सुरमईत ती हळूहळू, लहरत उतरते. ही खूण लहान माशातही फसवीत नाही.

जन्मजात शिकारी

सुरमईचे सारे शरीर पाठलागासाठी घडलेले आहे. अंग लांबट व दोन्ही बाजूंनी चेपलेले, शेपूट चंद्रकोरीसारखे, शेपटीचा देठ बारीक परंतु बळकट. बहुतेक माशांना पाण्यात तरंगत राहण्यास मदत करणारा वाताशय सुरमईच्या वंशात नसतो. त्यामुळे तिला झपाट्याने खालीवर करता येते. पण त्याची किंमतही द्यावी लागते. थांबली की ती बुडू लागते. कल्ल्यांतून पाणी खेळते राहण्यासाठीही तिला पोहत राहावे लागते.

तारली, मांदेली, बांगड्याची पोरे, माकूल, कोळंबी हे तिचे भक्ष्य. लहान माशांचे थवे जिकडे सरकतात तिकडे त्यांच्या मागावर सुरमई जाते. म्हणून तारली किनाऱ्यालगत आली की मच्छीमारांची दृष्टी तिच्यामागून येणाऱ्या सुरमईकडे लागते. शिकारीचा हा स्वभाव जन्मापासूनचा आहे. अंड्यातून बाहेर पडल्यावर थोड्याच दिवसांत तिची इवलीशी पिल्ले दुसऱ्या माशांची पिल्ले खाऊ लागतात. असा आहार घेणाऱ्या पिल्लाची वाढ अर्थातच जलद होते.

पट्ट्यांच्या सुरमईचे क्षेत्र तांबड्या समुद्रापासून ऑस्ट्रेलिया व जपानपर्यंत पसरलेले आहे. १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाल्यानंतर तिने भूमध्य समुद्रातही प्रवेश केला आणि तेथेही ती स्थिरावली. माणसाने जहाजांसाठी काढलेली वाट माशांनीही वापरली, असे म्हणावयास हरकत नाही.

मादी मोकळ्या पाण्यात एका हंगामात अनेक वेळा, टप्प्याटप्प्याने अंडी सोडते. अंड्यांची संख्या लाखांनी मोजावी लागते. अंडी तेलाच्या सूक्ष्म थेंबामुळे तरंगत राहतात व उष्ण पाण्यात सुमारे एका दिवसात फुटतात. अंड्यांची संख्या एवढी मोठी असता तुटवडा कसा पडेल, असा प्रश्न पंचायतीच्या बैठकीत कोणी विचारल्यास तो अगदी वाजवी आहे. लाखांतील फारच थोडी पिल्ले मोठी होतात, हे त्याचे अर्धे उत्तर. उरलेले अर्धे उत्तर वयात येण्याच्या मापात आहे.

एक किलोचा प्रश्न

केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेचे एम. देवराज यांनी सुरमईची वाढ व परिपक्वता यांविषयी केलेला अभ्यास १९८० च्या दशकाच्या आरंभी प्रसिद्ध झाला. त्यावरून असे दिसते की पट्ट्यांची सुरमई पहिल्या वर्षात सुमारे ४० सेंटीमीटर आणि दुसऱ्या वर्षाअखेर ७० सेंटीमीटरच्या आसपास वाढते. अंडी घालण्याजोगी ती होते तीही याच सुमारास, म्हणजे ७० ते ७५ सेंटीमीटर लांबीची झाल्यावर. तेव्हा तिचे वजन अंदाजे तीन किलो असते. ठिपक्यांची सुरमई मात्र साधारणपणे ४० सेंटीमीटरलाच, अर्ध्या किलोच्या आसपास, वयात येते.

आता बाजारात एक किलो वजनाच्या दोन सुरमया शेजारी शेजारी ठेवल्या आहेत असे समजू. एक ठिपक्यांची, दुसरी पट्ट्यांची. दोघींना भाव एकच, चवही जवळजवळ सारखीच. परंतु ठिपक्यांची सुरमई प्रौढ आहे. बहुधा तिने आपली संतती समुद्रात सोडलेली आहे. पट्ट्यांची सुरमई अजून पोर आहे. ती आणखी वर्षभर समुद्रात राहिली असती तर तिचे वजन तिप्पट झाले असते, तिला किलोमागे भावही अधिक मिळाला असता आणि तिच्यापासून पुढची पिढीही निर्माण झाली असती. आज तिला विकणारा मच्छीमार हा सर्व लाभ गमावतो. दोष त्याच्या एकट्याचा मात्र नाही. त्याने सोडलेला मासा शेजारच्या नौकेच्या जाळ्यात जाणार असेल, तर एकट्याने संयम पाळण्यास तो सहजासहजी तयार होत नाही. म्हणूनच या कामी नियम सर्वांना सारखे असावे लागतात.

जाळी आणि कायदा

सुरमई पकडण्याच्या रीती अनेक आहेत. त्यांपैकी मोठ्या आसाचे तरंगते कल्लेजाळे हे तिच्यासाठी खास होय. संध्याकाळी ते प्रवाहात भिंतीसारखे उभे सोडतात. अंधारात वेगाने येणारा मासा आसात डोके घालतो आणि कल्ल्यांशी अडकतो. या जाळ्याचा गुण असा की आस पुरेसा मोठा ठेवला तर लहान मासा त्यातून पार निघून जातो. गळानेही सुरमई मिळते. चालत्या होडीमागे आमिष ओढीत नेले की तिचा पाठलागाचा स्वभावच तिला फसवितो. गळाचा मासा जाळ्यात घुसमटलेला नसल्याने अधिक ताजा राहतो.

बारीक आसाच्या जाळ्यांची गोष्ट निराळी. ट्रॉल जाळे आणि प्रवाहात बांधलेले डोल जाळे कोळंबीसारख्या लहान मासळीसाठी असते. तथापि त्यात जे सापडेल ते वर येते, सुरमईची पिल्लेही येतात. पर्ससीन जाळे तर संपूर्ण थवाच वेढते.

महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम १९८१ चा आहे. २०२१ मध्ये त्यात महत्त्वाच्या सुधारणा होऊन दंडाची तरतूद कडक झाली. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै हे ६१ दिवस यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. कृत्रिम प्रकाशझोत टाकून मासे गोळा करण्यास केंद्र शासनाने २०१७ मध्ये मनाई केली. त्यानंतर २०२३ मध्ये राज्य शासनाने ५४ जातींसाठी पकडीचे किमान आकारमान ठरवून दिले. त्याच वर्षी रुपेरी पापलेटास राज्यमाशाचा मान मिळाला. सुरमईच्या चाहत्यांना याचे थोडे वाईट वाटले असल्यास नवल नाही.

तथापि कायद्याचे किमान माप आणि वयात येण्याचे माप ही दोन्ही एकच असतात असे नाही. कायद्याला मच्छीमारांच्या उपजीविकेचाही विचार करावा लागतो. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात पट्ट्यांच्या सुरमईसाठी ७५ सेंटीमीटर, तर ओमानमध्ये ६५ सेंटीमीटर असे किमान माप आहे. ओमानमध्ये १५ ऑगस्ट ते १५ ऑक्टोबर या काळात तिच्या पकडीवर बंदीही असते. सुरमईच्या साठ्यावर लक्ष ठेवणाऱ्या हिंदी महासागर टुना आयोगाने २०१७ च्या मूल्यमापनात पट्ट्यांच्या सुरमईची पकड प्रमाणाबाहेर होत असल्याचे नमूद केले होते. मासा देशांच्या सीमा मानीत नसल्याने एका किनाऱ्यावरील संयमाचा लाभ दुसऱ्या किनाऱ्यासही होतो. बेपर्वाईची झळही तशीच पोहोचते.

मासे उतरविण्याच्या धक्क्यावर किंवा ग्रामपंचायतीच्या मासळीबाजारात एखादी रंगविलेली मोजपट्टी लावणे हे फार खर्चाचे काम नव्हे. मात्र मोजण्याची रीत ठरलेली असावी. शास्त्रीय मापे बहुधा तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या खाचेपर्यंतची असतात, शेपटीच्या टोकापर्यंतची नव्हेत. या दोहोंत काही सेंटीमीटरचा फरक पडतो आणि वाद नेमका तेथेच निर्माण होतो. शासकीय तक्त्यात जी रीत असेल तीच पट्टीवर चित्र काढून दाखवावी. किनारपट्टीवरील शाळांत हा विषय फळ्यावर शिकविण्यापेक्षा विद्यार्थ्यांना सकाळच्या लिलावास नेऊन पट्टे व ठिपके मोजावयास लावले तर तो त्यांच्या कायम लक्षात राहील.

स्वयंपाकघरात

सुरमईला मोठे खवले नाहीत. मधला काटा सोडल्यास बारीक काट्यांचा जाच नाही, आणि मांस घट्ट असल्यामुळे तुकडी तव्यावर फुटत नाही. लहान मुलांना व मासे खाण्याची सवय नसलेल्यांना ती आवडते ती यामुळेच. तुकड्यांना हळद, मीठ, तिखट व कोकमाचे आगळ किंवा चिंचेचा कोळ लावून थोडा वेळ ठेवावे, मग तांदळाचे पीठ किंवा रवा लावून मंद आचेवर तळावे. डोके आणि शेपटीकडील भाग टाकून देऊ नये. नारळाच्या वाटणातील कालवणास खरी चव त्यांनीच येते. गोव्यात इसवणाचे हुमण होते, तुकड्यांत तांबडा रेशाद मसाला भरून त्या तळतात आणि व्हिनेगरमध्ये मुरविलेले तिचे लोणचेही घालतात. मोठी सुरमई मीठ लावून खारविण्याची पद्धत जुनी आहे. बर्फ नव्हता तेव्हा दूरच्या गावांपर्यंत ती याच रूपात पोहोचत असे. गाभोळीचे चाहतेही पुष्कळ आहेत. गाभोळी म्हणजे न घातलेली अंडी, हे खाताना सहसा कोणाच्या मनात येत नाही.

बर्फाच्या बाबतीत मात्र हयगय उपयोगी नाही. बांगडा, कुपा व सुरमई या कुळातील माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचे द्रव्य विपुल असते. मासा उन्हात राहिला तर जिवाणू त्याचे हिस्टामीनमध्ये रूपांतर करतात. असा मासा खाल्ल्यावर चेहरा लाल होणे, अंगावर पित्ताच्या गांधी उठणे, डोके दुखणे, उलट्या होणे असे त्रास काही मिनिटांत सुरू होऊ शकतात. एकदा तयार झालेले हिस्टामीन शिजवून किंवा तळून नाहीसे होत नाही आणि वासावरून ते नेहमी कळतेच असे नाही. पकडल्या क्षणापासून माशाइतकाच बर्फ वापरणे व मासा सावलीत ठेवणे हाच त्यावर उपाय. मोठ्या शिकारी माशांत पाऱ्याचा अंशही साठत जातो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अटलांटिकमधील सुरमईच्या भावंडाविषयी गर्भवती स्त्रियांना व बालकांना तो टाळण्याचा सल्ला दिलेला आहे. तेव्हा घरात गर्भवती असल्यास फार मोठ्या सुरमईऐवजी तारली, बांगडा अशी लहान मासळी आलटून पालटून द्यावी.

खरेदी करताना मासा कापण्यापूर्वी पाहावयास मागावा. कल्ले तांबडे असावेत, डोळा खोल गेलेला नसावा, बोटाने दाबलेली जागा पुन्हा वर यावी, ही ताजेपणाची परीक्षा बहुतेकांना माहीत असते. त्याच वेळी अंगावर पट्टे आहेत की ठिपके, बाजूची रेघ एकदम वळते की हळूहळू उतरते, हेही पाहून घ्यावे. पट्टे असतील आणि वजन किलोभरच असेल, तर त्या दिवशी बांगडा घ्यावा.